प्राण्यांची नावनिशी लिहिणारे कार्ल लिनियस

आपल्या मंडळाच्या बालवाडीत आठवड्यातून एकदा प्राण्यांचा तास असतो. जमिनीवर तीन टोपल्या मांडावयाच्या, एक चालणाऱ्यांची, एक उडणाऱ्यांची आणि एक पोहणाऱ्यांची. मुलांनी एकेक चित्र उचलून ज्या त्या टोपलीत टाकावयाचे, असा हा खेळ. गेल्या पावसाळ्यात हा तास माझ्याकडे होता. गाय, घोडा, चिमणी, पोपट, मासा अशी चित्रे भराभर आपापल्या जागी गेली. एका चिमुरडीच्या हाती मात्र वटवाघळाचे चित्र आले आणि ती तशीच उभी राहिली. वटवाघूळ पिलाला दूध पाजते, असे तिच्या आजीने तिला सांगितले होते. मग ते गाईच्या टोपलीत का नाही, असे तिने मला विचारले. मी घाईत होते. उडते ना ते, मग टाक उडणाऱ्यांत, असे सांगून मी पुढच्या मुलाकडे वळले. तिने चित्र टाकले खरे, पण त्या तासात ती पुन्हा काही बोलली नाही.

माझे उत्तर चुकीचे होते असे नाही. टोपली उडणाऱ्यांचीच होती. परंतु तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा पुष्कळ मोठा होता, आणि तो मी बंद करून टाकला, ही रुखरुख मनाला लागून राहिली. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह केला, तेव्हा मला ज्यांनी हाच प्रश्न जन्मभर सोडविला त्या कार्ल लिनियस यांची आठवण झाली. आज शाळेच्या पुस्तकात सस्तन प्राणी म्हणून जो धडा असतो, त्या गटाचे शास्त्रीय नाव याच गृहस्थांनी दिलेले. त्यांचे चरित्र आपल्यासारख्या मुले वाढविणाऱ्या आणि शिकविणाऱ्या बायकांनी अवश्य वाचावे असे आहे. त्यांच्या थोरवीसाठी तर खरेच, पण त्यांच्या चुकांसाठीही.

इकडे दक्षिणेत ज्या वर्षी औरंगजेब मरण पावला, त्याच १७०७ साली मे महिन्याच्या २३ तारखेस कार्लचा जन्म झाला. गाव स्वीडन देशाच्या दक्षिणेकडील रोशुल्ट नावाचे खेडे. वडील निल्स हे धर्मोपदेशक, आई ख्रिस्तिना हीदेखील धर्मोपदेशकाचीच मुलगी. घराण्याला आडनाव नव्हते; विद्यापीठात नाव घालताना ते लागले, तेव्हा वडिलांनी आपल्या शेतावरील लिंडन जातीच्या मोठ्या झाडावरून लिनियस हे आडनाव घेतले. वडिलांना बागेचा अतोनात नाद. तान्हा कार्ल रडू लागला की त्याच्या हाती एखादे फूल द्यावे आणि त्याने गप्प व्हावे, असे सांगतात.

पोर बोलू लागले तशी त्याने वडिलांच्या मागे भुणभुण लावली. हे काय, ते काय, याचे नाव काय. वडील सांगत, पण कार्ल विसरे आणि पुन्हा विचारी. शेवटी वडिलांनी त्याला बजावले की, सांगितलेली नावे लक्षात ठेवणार नसशील तर पुढे एकही नाव सांगणार नाही. त्या धाकाने मुलगा नावे घोकू लागला. आपल्यापैकी पुष्कळजणींना हा प्रसंग घरचाच वाटेल. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की वडिलांनी प्रश्न थांबविला नाही. उत्तर देण्याची अट घातली, पण दार उघडे ठेविले.

शाळेत मात्र ते दार बंद झाले. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी कार्लला व्हेक्श्यो गावच्या शाळेत घातले. तेथे शिस्त छडीची. ग्रीक, हिब्रू, धर्मशास्त्र यांत त्याचे मन लागेना. तो वर्गातून निसटून रानात फिरे. आईची फार इच्छा होती की थोरल्या मुलाने वडिलांची गादी चालवावी. पण १७२६ च्या सुमारास वडील चौकशीला गेले, तेव्हा शिक्षकांनी सांगितले की या मुलात काही अर्थ नाही, याला एखाद्या जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली घालावे. बापाच्या मनाला काय वाटले असेल याची कल्पनाच करावी. त्याच गावी योहान रोथमन नावाचे डॉक्टर होते, ते शाळेत शिकवीतही. वडिलांनी त्यांच्यापाशी आपले दुःख सांगितले. डॉक्टरांनी हा मुलगा नीट पाहिलेला होता. त्यांनी सांगितले की हा पाद्री होणार नाही, पण वैद्य होईल, आणि त्याला आपल्या घरी ठेवून घेऊन वनस्पतिशास्त्र व शरीरशास्त्र शिकविले.

म्हणजे ज्याने पुढे सगळ्या सृष्टीची वर्गवारी केली, त्याचीच वर्गवारी त्याच्या शिक्षकांनी चुकविली होती. एका माणसाने पुन्हा नीट पाहिले म्हणून ती सुधारली.

पुढे लुंड आणि मग १७२८ मध्ये उप्साला या विद्यापीठांत कार्ल शिकू लागला. घरून पैसा बेताचा. जोड्यांना भोके पडली, तेव्हा त्याने आत कागद घालून दिवस काढले. उप्सालाच्या बागेत हा मुलगा झाडे न्याहाळीत बसलेला ओलोफ सेल्सिअस या वृद्ध प्राध्यापकांनी पाहिला. त्याचे ज्ञान पाहून ते चकित झाले आणि त्यांनी त्याला आपल्या घरात आश्रय दिला. तापमापकामुळे आपल्या ओळखीचे झालेले सेल्सिअस, त्यांचे हे काका.

उप्सालात कार्लला पीटर आर्टेडी नावाचा जिवाभावाचा मित्र मिळाला. दोघे तितकेच गरीब, तितकेच वेडे. दोघांनी जणू भाऊबंदांनी शेत वाटून घ्यावे तशी सृष्टी वाटून घेतली. मासे आर्टेडीचे, पक्षी आणि किडे लिनियसचे. आणि दोघांपैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याचे काम पुरे करावे, असे वचन एकमेकांना दिले. पुढे १७३५ साली आर्टेडी ॲमस्टरडॅम येथे रात्री घरी परतताना कालव्यात पडून बुडाला. लिनियस यांनी त्याची माशांवरील हस्तलिखिते खटपट करून मिळविली आणि १७३८ मध्ये त्याच्या नावाने छापून काढली. दिलेला शब्द पाळला.

मध्यंतरी १७३२ साली लिनियस स्वीडनच्या उत्तरेला लॅपलंडमध्ये एकट्याने फिरून आले. त्या प्रवासात वाटेवर त्यांना मेलेल्या घोड्याचा जबडा पडलेला दिसला. दुसरा कोणी असता तर लाथेने बाजूला सारून पुढे गेला असता. लिनियस यांनी तो उचलून दात मोजले. त्यांच्या मनात आले की प्रत्येक जनावराला दात किती व कसे, आणि सड किती व कोठे, एवढे जर कळले तर चार पायांच्या सगळ्या प्राण्यांची नीट मांडणी करता येईल. बायकांच्या नित्य पाहण्यातल्या या दोन गोष्टी, दात आणि सड. बाजारात गाय घेताना आपल्याकडचा शेतकरीही याच दोन गोष्टी आधी पाहतो. त्यांवर पुढे एवढे मोठे शास्त्र उभे राहिले.

१७३५ साली ते हॉलंडला निघाले. वाटेत हॅम्बुर्ग शहरी एक मौजेची गोष्ट घडली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. तेथील नगरप्रमुखांकडे सात तोंडांचा एक साप होता, म्हणजे त्याचे सुकविलेले धूड होते. ते पाहण्यास लांबून लोक येत आणि त्याला भारी किंमत मागितली जात होती. लिनियस यांनी जवळ जाऊन तोंडे पाहिली. दात सापाचे नव्हतेच. ते मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल नावाच्या जनावराचे जबडे होते, पायही त्याचेच, आणि वर सापाची कातडी चिकटविलेली. त्यांनी ही लबाडी उघड केली. अर्थात किंमत कोसळली, आणि मालकाच्या रोषाला भिऊन लिनियस यांना ते शहर घाईने सोडावे लागले. तोंडे किती हे सगळ्यांनी मोजले होते. दात कोणी पाहिले नव्हते.

त्याच वर्षी हॉलंडमध्ये लायडन येथे त्यांचा सृष्टीच्या वर्गवारीचा ग्रंथ छापला गेला. ग्रंथ कसला, मोठ्या आकाराची दहा-बारा पाने. त्यांत सर्व प्राणी सहा वर्गांत घातले होते: चतुष्पाद, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. शिवाय एका कोपऱ्यात संशयितांचा एक रकाना होता. सात तोंडांचा साप, एकशिंगी घोडा, फिनिक्स पक्षी, ड्रॅगन, झाडाला लागणारे मेंढरू असे ऐकीव प्राणी त्यांनी तेथे बसविले होते. मौज अशी, की त्यात बिचारा पेलिकन म्हणजे पाणकोळीही होता, कारण तो आपल्या छातीचे रक्त पिलांना पाजतो अशी दंतकथा असे. पुढे पेलिकन खरा ठरून पक्ष्यांत गेला आणि तो रकानाच ग्रंथातून नाहीसा झाला.

या सहा वर्गांची ओळख करून घेण्यास कोळणीची पाटी पुरते. आपण सगळ्याला मासळी म्हणतो. त्यातला बोंबील खरा मासा, त्याला कणा आहे आणि कल्ले आहेत. कोळंबीला कणा नाही. तिचे पाय सांध्यासांध्यांचे आणि अंगावर कवच, म्हणून लिनियस यांनी तिला कीटकांत घातले. तिसऱ्या मऊ अंगाच्या, म्हणून त्या कृमींत गेल्या. आणि मुशीला तर पुढे त्यांनी उभयचरांत, म्हणजे बेडूक, साप, कासव यांच्या वर्गात नेऊन बसविले. एका पाटीत चार वर्ग! यातले आज सगळेच टिकलेले नाही. मुशी मासाच आहे. कोळंबी आणि खेकडे कवचधारी म्हणून कीटकांपासून निराळे झाले आहेत, आणि आठ पायांचा कोळीही सहा पायांच्या मुंगीपासून निराळा काढला गेला आहे. तिसऱ्या गोगलगाईच्या नात्यात गेल्या आहेत. तरीही नीट पाहिल्याशिवाय ही भांडणे उभीच राहिली नसती.

१७३८ मध्ये लिनियस स्वदेशी परतले, स्टॉकहोममध्ये त्यांनी वैद्यकी केली, १७३९ मध्ये सारा एलिझाबेथ मोरिया या डॉक्टरांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि १७४१ मध्ये ते उप्साला येथे प्राध्यापक झाले. ते शिकवीत कसे, हे पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन गावाबाहेर रानात जात. कधी शंभर, कधी दोनशे विद्यार्थी बरोबर असत. ज्याने जे आणले ते पुढे ठेवावयाचे आणि गुरुजींनी त्याचे नाव, त्याचे गुण, त्याचे उपयोग सांगावयाचे. संध्याकाळी नगारे आणि शिंगे वाजवीत, जयजयकार करीत ही मिरवणूक गावात परत येई.

त्यांच्या घरीही प्राण्यांची वर्दळ असे. माकडे होती, पोपट होता, आणि स्वीडनच्या राजपुत्राने दिलेला शुप नावाचा एक अमेरिकन रॅकून होता. हा रॅकून अंडी, बदाम, मनुका, साखर यांवर तुटून पडे आणि आंबट पदार्थाला तोंड लावीत नसे. कोणाच्या खिशात खाऊ असल्याचा वास आला की तो सोडीत नसे. एके दिवशी कुत्र्याने त्याला मारले. लिनियस यांना वाईट वाटले, पण त्यांनी त्याचे शरीर उघडून आतली रचना तपासली आणि १७४७ मध्ये त्याविषयी लिहिले. तो त्यांनी अस्वलांच्या कुळात घातला. आज त्याचे कुळ निराळे मानतात.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, ती सांगते. लिनियस वैद्य होते आणि सात मुलांचे बाप होते. त्या काळी युरोपातील सुखवस्तू घरांत आपले मूल पोटाशी न धरता ते भाड्याच्या दाईकडे पाजावयास देण्याची चाल होती. अशी मुले पुष्कळ दगावत. १७५२ साली लिनियस यांनी या चालीविरुद्ध एक प्रबंध काढला. आईने आपले मूल आपणच पाजावे. ते आईच्या आणि बाळाच्या दोघांच्याही प्रकृतीला हितकर आहे. पहिल्या दिवसांचे चीक-दूध टाकू नये, ते बाळाला गुणकारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडेही चीक काढून टाकण्याची चाल पुष्कळ घरांत होती, आणि आजचे डॉक्टर तेच सांगतात, हे वाचक भगिनींना ठाऊक आहेच.

त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे राघोबादादांच्या फौजेने अटकेपर्यंत मजल मारली त्याच १७५८ साली, त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. दहा-बारा पानांचा आता मोठा ग्रंथ झाला होता आणि त्यात चार हजारांहून अधिक प्राणी आले होते. या आवृत्तीत त्यांनी चतुष्पाद हे पहिल्या वर्गाचे जुने नाव पुसून टाकले. पायांच्या संख्येवरून नाव ठेवले तर देवमासा बाहेर राहतो, आणि पालीला चार पाय असूनही ती आत येत नाही. त्यांनी नवे नाव ठेवले ते आईच्या स्तनावरून. मराठीतील सस्तन हा शब्द त्याच अर्थाचा. केसांवरून, कानाच्या हाडांवरूनही नाव ठेवता आले असते, कारण त्याही खुणा या प्राण्यांत आहेत, आणि त्या नर व मादी दोघांतही आहेत. परंतु सगळ्या वर्गाची ओळख म्हणून त्यांनी आईचे पाजणे निवडले. त्यांच्या दाईविरोधी लिखाणाचा आणि या नावाचा संबंध असावा, असे आजच्या काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

याच वेळी त्यांनी देवमाशाला माशांतून काढून सस्तनांत आणले. पहिल्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच त्याला मासा म्हटले होते. देवमासा हवेत श्वास घेतो, त्याचे रक्त गरम, आणि मादी पिलाला पाजते. डॉल्फिन पिलांना पाजतात हे तर ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदविले होते. लिनियस तेव्हा एक्कावन्न वर्षांचे, युरोपभर नावाजलेले होते. अशा वयात आपलीच चूक आपल्याच ग्रंथात दुरुस्त करणे सोपे नसते. वटवाघूळही सस्तनांतच होते. पण पुढचे चार दात आणि छातीवरचे दोन स्तन पाहून त्यांनी ते माणूस आणि माकड यांच्या पंक्तीला बसविले! ती जागा आता राहिली नाही, वटवाघळांचा गण निराळा आहे. तरी सस्तन ते सस्तनच.

प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धतही प्राण्यांसाठी याच आवृत्तीत सर्वत्र आली. त्यापूर्वी नाव म्हणजे लांबलचक वर्णनच असे. शाळेच्या हजेरीपटावर आधी आडनाव आणि मग नाव लिहितात, तसेच हे. गाय बॉस टॉरस, आपला मोर पाव्हो क्रिस्टाटस, म्हणजे तुरा असलेला मोर, आणि आपला हत्ती एलिफस मॅक्सिमस, ही नावे लिनियस यांनी त्या वर्षी ठेविली ती आजही जगभर चालतात. हत्तीच्या नावामागे एक गंमत आहे. त्यांनी पाहिलेले हत्तीचे पिलू जन्मापूर्वीचे, दारूत जपून ठेवलेले होते. ते अजून स्टॉकहोमला आहे. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली, तेव्हा ते आशियातील नसून आफ्रिकेतील हत्तीचे निघाले. अडीचशे वर्षांनी गुरुजींची वही पुन्हा तपासली गेली. शास्त्राची हीच रीत.

येथवर सांगितले ते त्यांचे मोठेपण. पण ज्या डोळ्यांनी घोड्याचे दात मोजले, त्या डोळ्यांना काही गोष्टी जवळ असूनही दिसल्या नाहीत.

पहिली गोष्ट माणसांची. लिनियस यांनी माणसाला धीटपणे प्राण्यांत घातले, माकडांशेजारी बसविले, याबद्दल त्यांना बोल सोसावे लागले. परंतु त्यांनी माणसांचेही खंड आणि कातडीचा रंग पाहून चार प्रकार पाडले, आणि १७५८ मध्ये प्रत्येक प्रकाराला स्वभाव चिकटविले. युरोपातील लोक तेवढे हुशार व कल्पक, आणि आपण आशियातील लोक गर्विष्ठ व लोभी. आशियात त्यांनी पाऊलही ठेवलेले नव्हते. दात न मोजता ऐकीव गोष्टीवर केलेली ही वर्गवारी. अशा वर्गवारीने पुढे जगात फार मोठे अनर्थ झाले. माणसांत असे स्वभावाचे निरनिराळे वाण नाहीत, हे आज शास्त्राने स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या घरातली. त्यांच्या सात मुलांपैकी पाच जगली, एक मुलगा आणि चार मुली. मुलगा कार्ल याला त्यांनी विद्यापीठात आपल्या जागी बसविले. मुलींना मात्र शाळेत घातले नाही. धाकटी सोफिया त्यांची अतिशय लाडकी. पत्नीने एकदा तिला शाळेत घातले, पण लिनियस यांनी ती शाळा बंद केली. मुलींना घरकाम यावे, तेवढे पुरे, असे त्यांचे मत होते. ज्यांनी सगळ्या वर्गाला आईच्या स्तनावरून नाव दिले, त्यांनी आईच्या जातीला तेवढ्याच कामापुरते ओळखले, असे म्हणावयास जीभ कचरते, पण म्हटल्यावाचून राहवत नाही.

थोरली मुलगी एलिझाबेथ ख्रिस्तिना. ती एकोणीस वर्षांची असताना त्यांच्या हॅमरबी येथील बागेत संध्याकाळच्या अंधुक उजेडात नॅस्टर्शियमची केशरी फुले क्षणभर चमकून जातात असे तिला दिसले. तिने पुन्हा पुन्हा पाहिले, इतरांना दाखविले आणि लिहून काढले. १७६२ साली तिचे ते टिपण स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापले गेले. विद्वानांनी यावर पुष्कळ तर्क केले. ती चमक फुलात नसून मावळत्या उजेडात आपल्या डोळ्याला होणारा भास आहे, हा उलगडा विसाव्या शतकात झाला. वडिलांचे पाहण्याचे डोळे मुलीला लाभले होते. पण पुढे शिक्षण नाही. १७६४ मध्ये तिचे लग्न झाले, ते सुखाचे झाले नाही, ती माहेरी परतली आणि १७८२ मध्ये चाळिशीच्या आतच वारली. जोडे शिवावयास पाठवा असा शिक्का बसलेल्या मुलाला रोथमन डॉक्टर भेटले होते. या मुलीला तिच्या घरात तसा कोणी भेटला नाही.

लिनियस यांना १७६१ मध्ये सरदारकी मिळाली, पण शेवटची वर्षे कष्टाची गेली. १७७४ पासून त्यांना अर्धांगाचे झटके येऊ लागले. ज्याने हजारो प्राण्यांना आणि झाडांना नावे दिली, त्याला शेवटी नावे आठवेनात. १७७८ च्या जानेवारीत १० तारखेला उप्साला येथे ते निवर्तले. मुलगाही पाच वर्षांनी गेला. तेव्हा त्यांची पत्नी सारा हिने मुलींच्या निर्वाहासाठी सगळा संग्रह इंग्लंडमधील एका तरुणाला विकला, आणि तो आजही लंडनला त्यांच्या नावाच्या संस्थेत जपलेला आहे.

आता आपल्या बालवाडीकडे येते. लहान मुलांना सहा वर्ग आणि लॅटिन नावे पाठ करावयास लावू नयेत. त्यांना चार प्रश्न द्यावेत: अंगावर काय आहे, केस, पिसे की खवले, पाय किती, पिलू होते की अंडे, आणि आई पाजते का. तेवढ्यावर मूल आपण होऊन वर्ग पाडू लागते. आपल्या भाषेतील नावे कधी फसवितात, हेही त्यांना दाखवावे. देवमासा मासा नव्हे, खवल्या मांजर मांजर नव्हे, पाणघोडा घोडा नव्हे. मुलांना यात फार मौज वाटते. आणि मूल एखाद्या चित्रापाशी अडले, तर ते अडणे मोलाचे समजावे. तेथेच ते खरे पाहू लागलेले असते. ढ, खोडकर, मुकी, अशा टोपल्याही आपण मुलांसाठी मनात मांडून ठेवतो, त्याही मधूनमधून रिकाम्या करून पाहाव्यात.

पुढच्या आठवड्यात मी त्या चिमुरडीला जवळ बसवून सांगितले, की तुझे म्हणणे खरे होते आणि मी नीट ऐकून घेतले नाही. मग आम्ही दोघींनी मिळून एक चौथी टोपली मांडली, आईचे दूध पिणाऱ्यांची. वटवाघूळ उडणाऱ्यांतून उचलून तिने त्यात टाकले. गाय टाकली, मांजर टाकले, मुलांच्या आग्रहाने देवमासाही आला. चित्रे संपली तरी ती टोपलीकडे पाहत उभीच होती. थोड्या वेळाने ती स्वतःच टोपलीत पाय ठेवून आत जाऊन बसली.